चार बोटं पाणी

आमच्या फोरमनसाहेबांना काहीही सांगायला गेलं, की त्यांचा पहिला प्रश्न असे, "किती?" गुडघा दुखतो म्हटलं तर किती पायऱ्या चढल्यावर. उशीर झाला म्हटलं तर किती मिनिटं. नवख्या माणसाला तो खवचटपणा वाटायचा. मलाही सुरुवातीला वाटला होता.

अंबरनाथच्या एका कारखान्यात आयुष्यभर यंत्रं सांभाळून ते निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दोन खोल्यांत एकटे राहत आणि रोज सकाळी बदलापूर गावाच्या टोकाला असलेल्या आमच्या केंद्रात येत. लकवा झालेल्या, गुडघे धरलेल्या माणसांसाठी एका डॉक्टरांनी ते काढलं होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि फिजिओथेरपी शिकून लागलेली माझी ती पहिलीच नोकरी. केंद्रात पत्र्याच्या शेडखाली गरम पाण्याची एक टाकी होती. आठ फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेएवढी खोल, आत टाइल्स आणि धरायला दांडा. टाकीचं पाणी तापवणं आणि पंप चालवणं हे फोरमनसाहेबांचं काम, त्या पाण्यात माणसांना चालवणं माझं.

त्या टाकीचं मोल हिराबाईंना विचारावं. गावातल्याच आगरी घरातल्या, साठी उलटलेल्या. डावी बाजू लुळी पडलेली. त्या म्हणायच्या, "पान्यान गेलं का पाय माजा वाटतं, बाहेर आयलं का परका."

एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटलं आणि टँकर सुरू झाला. त्यातच टाकीतलं पाणी रोज चार बोटं उतरू लागलं. रोज नवं पाणी भरायचं, रोज ते पुन्हा तापवायचं. आठवडाभर सोसून डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर टाकी बंद करावी लागेल."

मी घाबरले. आणि घाबरून एक वाईट गोष्ट केली. वॉचमनची बायको सखू आमच्याकडे झाडलोट करायची. संध्याकाळी शेडमधून भरलेला हंडा घेऊन जाताना मी तिला दोनदा पाहिलं होतं. तेवढं मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी वॉचमनला बोलावून दुसरी नोकरी बघायला सांगितलं.

दुपारी फोरमनसाहेब माझ्याकडे आले. आवाज चढलेला नव्हता.

"किती पाणी जातं रोज?"

"चार बोटं."

कानामागची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवरच हिशेब मांडला. "बावीस हंडे होतात, बाई. रोज बावीस खेपा. एकटी बाई, अंगणातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही किती पाहिल्या?"

"दोन," मी म्हणाले. "तेही वेगवेगळ्या दिवशी."

ते डॉक्टरांकडे गेले आणि वॉचमनसाठी चार दिवसांची मुदत मागून आले.

रविवारी टाकी बंद असे. त्या रविवारी सकाळी येऊन त्यांनी पंप थांबवला. एक बादली टाकीच्याच पाण्याने भरून टाकीतल्या पायरीवर ठेवली, तरंगू नये म्हणून आत दगड घातला. बादलीच्या आत पाण्याच्या पातळीवर एक खूण केली आणि टाकीच्या टाइलवर दुसरी. सोमवारी सकाळी आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. बादलीतलं पाणी एक बोट उतरलं होतं, टाकीतलं दोन.

"बादली फुटकी नाही," ते म्हणाले. "म्हणजे एक बोट वाफ होऊन गेलं. टाकीचं दुसरं बोट कुठेतरी झिरपतंय."

"आणि बाकीची दोन?"

"रविवारी माणसं नव्हती, तर ती दोन बोटं गेलीच नाहीत. आता तुमचे पेशंट उतरू द्या. मी इथे बसतो."

त्या दिवशी ते स्टूल टाकून बसले आणि मला दिसू लागलं. टाकी काठोकाठ भरायची हा हट्ट माझा होता. तिघं एकदम उतरली की पाणी काठावरून सरळ मोरीत जायचं. वर आलेला प्रत्येक जण ओल्या कपड्यांतून पाणी घेऊन निघायचा. हिराबाईंच्या नऊवारी लुगड्यातूनच अर्धी बादली बाहेर येत होती.

झिरपण शोधायला त्यांनी ऑफिसातली लाल शाई मागितली आणि माझ्याकडून एक सिरिंज. पाणी स्थिर होऊ दिलं आणि टाकीच्या कडेकडेने थेंब थेंब शाई सोडत गेले. शाई जागच्या जागी पसरत होती. पाणी बाहेर काढायच्या पाइपापाशी मात्र तिची बारीक रेघ झाली, वाकली आणि टाइलच्या फटीत शिरली. "सापडलं," एवढंच ते म्हणाले.

पुढचे दोन दिवस पाइपाचा सांधा उघडून काम चाललं. कॅम्प चारमधल्या त्यांच्या शेजारच्या सिंधी दुकानदाराने जाड रबराचा वॉशर शोधून दिला, त्याच्याच भावाने थर्माकोलच्या पट्ट्यांवर रेक्झिन शिवून टाकीवर तरंगणारं, घडी होणारं झाकण केलं. नदीकडून वारा यायचा त्या बाजूला ताडपत्री लागली. पाणी वीतभर खाली ठेवायचं ठरलं, आणि वर येताना पायरीवर थांबून अंग निथळू द्यायचं. हिराबाई पायरीवर उभ्या राहून स्वतःचा पदर पिळायच्या आणि बाकीच्यांनाही दटावायच्या. आठवड्याने पातळी पाहिली. दिवसाला जेमतेम बोटभर पाणी उतरत होतं. टाकी बंद करण्याचं बोलणं संपलं.

"माझं काम झालं," फोरमनसाहेब मला म्हणाले. "आता तुमचं राहिलं."

मी सखूच्या खोलीवर गेले. ती भाकऱ्या थापत होती. काठावरून मोरीत जाणारं पाणी हंड्यात धरून ती त्याने केंद्राचाच व्हरांडा पुसायची, हे मला तेव्हा कळलं. मी चुकले म्हणाले. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"ताई, मला सांगताय ते बरं केलंत. पण ज्यांना जाऊन सांगितलं होतं, त्यांनाही सांगा."

डॉक्टरांच्या खोलीपर्यंत फोरमनसाहेब माझ्याबरोबर आले. आत मात्र आले नाहीत. वॉचमनची नोकरी राहिली हे ऐकून मी बाहेर आले तेव्हा ते पंपाला तेल देत होते. त्या गोष्टीचा त्यांनी पुढे कधी उल्लेख केला नाही.

चार वर्षांनी त्यांनाच लकवा झाला. उजवी बाजू आणि बोलणं, दोन्ही गेलं. वॉचमनने त्यांना रिक्षातून आणलं. मी एका बाजूने आणि सखूने दुसऱ्या बाजूने धरून त्यांना पाण्यात उतरवलं. तीन महिने आम्ही त्यांना रोज चालवलं. पाण्यात ते पावलं टाकत, जमिनीवर मात्र पाय उचलला जात नसे. मग मुलगी नाशिकला घेऊन गेली. निघताना त्यांनी डावा हात आधी सखूपुढे केला, मग माझ्यापुढे.

दिवाळीच्या सुमारास मुलीचं पोस्टकार्ड आलं. बाबा भिंतीला धरून दाराशी जातात, परवा शेजाऱ्याला नावाने हाक मारली, असं त्यात होतं. सखू तेव्हा झाकणाची घडी घालत होती. मी तिला कार्ड वाचून दाखवलं. तिने पदराने हात पुसले, खाली बसली आणि म्हणाली, "परत वाचा. सावकाश."