शेवंताबाईला मागणी नाही

हेमराज साधं "चहा घे" म्हणाला तरी नव्या माणसाला वाटतं, आता हाणामारी होणार. अर्धं आयुष्य सुरतेत, लिंबायतच्या लूम कारखान्यात गेलं. तिथल्या खडखडाटात हळू बोलणारा माणूस मुकाच समजा. अशा या अर्ध्या बहिऱ्या माणसाला वेड होतं गाण्याचं, आणि तेही एकाच बाईच्या. शेवंताबाई बोरकुंडकर. धुळ्याकडची बाई, आवाज असा की दोन शेतांपलीकडचा बैल चालता थांबेल. मुंबईच्या एका बड्या कंपनीनं तिची कानबाईची गाणी रेकॉर्डवर काढली, विकली, पैसा केला. बाई म्हातारी झाली, गेली. कंपनी विसरली. सुरतेतले खानदेशी विसरले नाहीत.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. रविवारी देवी बसवायची, रोट भाजायचे, सोमवारी वाजतगाजत तापीला न्यायची. आमच्या गल्लीची मिरवणूक हेमराजच्या घरातली शेवंताबाई भोंग्यावर वाजल्याशिवाय हलत नसे. शेजारच्या गल्लीवाले जळायचे. जळोत.

अठ्ठ्याण्णव साली हेमराजची भक्ती अंगलट आली. त्यानं रेकॉर्डला हळदकुंकू लावून ती देवीपुढे ठेवली. त्याच्या आईच्या, पुष्पाबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं तव्यावरून उतरवलेला पहिला रोट देवीपुढच्या काळ्या ताटात वाढला. रोट उचलला तेव्हा रेकॉर्डचा पापड झाला होता.

"माय, हाई काय करं तू!" हेमराज बोंबलला.

"देवीपुढे ठेयेल व्हतं, म्हनीसन वाढं. देवीले चालनं, तुले काय व्हयनं?"

त्यानं जुना बाजार पालथा घातला, नात्यागोत्यातल्या पेट्या उघडायला लावल्या. दुसरी रेकॉर्ड कुठंच मिळेना. पुढच्या कानबाईला शेवंताबाई नसणार, हे त्याला घरातलं माणूस गेल्यासारखं लागलं.

नव्याण्णवच्या सुरुवातीला पेपरात आलं की त्याच कंपनीनं इंटरनेटवर दुकान थाटलंय आणि तिचे "सगळे अमर कलाकार" तिथे भेटतील. उधना रोडला दीपकचा सायबर कॅफे होता. हा मूळचा परभणीकडचा, पण गिऱ्हाईक दिसलं की तोंडातून गुजरातीच निघायची. हेमराजनं मला आणि निम्म्या गल्लीला तिथं ओढत नेलं. एका खुर्चीवर तिघं, बाकीचे मागून लोंबकळलेले. पान उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन झाला. मग दिसलं: सिनेमातल्या नट्या होत्या, रिमिक्स होतं, लावणी होती, कुठल्याशा मंत्र्याच्या भाषणाची कॅसेटसुद्धा होती. शेवंताबाई नव्हती.

"नथी, हेमराजभाई."

"नीट पाहा ना रे! खाली पाहा!"

"खाली कंपनीचा पत्ता आहे फक्त."

त्या पत्त्यावर दीपकनं ईमेल धाडली. उत्तर आलं एका ओळीचं, इंग्रजीत. दीपकनं मराठी करून सांगितलं: या कलाकाराला मागणी नाही.

लूमवर शेठ ऐकत नसला तर कोणी ओरडत बसत नाही, कारण ओरडलेलं ऐकूच जात नाही. सगळे एकदम लूम बंद करतात. ती शांतता पडली की माडीवर झोपलेला शेठ धोतर सावरत खाली येतो. हेमराजनं तोच डाव टाकला. लिंबायतेत त्या कंपनीची कॅसेट कोणी घ्यायची नाही, तिचं पान कोणी उघडायचं नाही.

मी म्हटलं, "अरे बाबा, शेठला लूमचा आवाज रोज लागतो. या लोकांना तुझा आवाज कधी लागला होता?"

ऐकतोय कुठला! महिने गेले. मुंबईहून कोणी धोतर सावरत आलं नाही.

शेवटी दीपकच बोलला. "ते म्हणाले मागणी नाही. तुम्ही गप बसून दाखवूनच दिलंत."

हेमराजनं त्याला कचकचीत शिवी हासडली. पण मुद्दा डोक्यात शिरला.

श्रावण आला. कानबाईच्या सोमवारी नेमकं सहारा दरवाजाकडे त्याच कंपनीच्या शोरूमचं उद्घाटन होतं. मंडप, फुगे, मुंबईचा टायवाला साहेब. आमची वाट तिथूनच. हेमराजनं मिरवणूक थांबवली, बँडवाल्याला गप्प केलं आणि बायकांकडे वळला. "म्हना आते!"

पुष्पाबाईनं शेवंताबाईच्या गाण्याचं पहिलं कडवं उचललं. सगळ्या बायकांनी झेललं. फुगड्या सुरू झाल्या, रिक्षा अडकल्या, पोलीस शिट्टी फुंकून दमला. साहेबाचं भाषण बुडालं. पण माणूस धंद्याचा पक्का! स्टेजवरून उतरून सरळ आमच्यात आला.

"वा! काय चाल आहे! कोणाचं गाणं हे? आमच्याकडे या, आम्ही काढू रेकॉर्ड!"

एरवी चारदा सांगावं लागणाऱ्या हेमराजनं हे एका फटक्यात ऐकलं.

"तुनंच शे, भडव्या!" तो असा गरजला की फुगड्या थांबल्या. "तुनंच शे हाई गानं! तुम्हीच काढं, तुम्हीच इकं, आनि माले इचारस कोनं शे?"

साहेबाचं तोंड लूमवरून उतरलेल्या, रंग न चढवलेल्या कोऱ्या कापडासारखं झालं. चौकशी करतो म्हणाला, बाईचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि मंडपात शिरला.

काही दिवसांनी दीपकचा निरोप आला: शेवंताबाई आली! हेमराज आईला घेऊन धावला. एव्हाना तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पानावर नाव होतं खरं. सदर "गुजराती लोकगीतं". शेजारी फोटोत घागरा घालून डोक्यावर मडकी रचलेली कोणी तरणी पोर. गाण्याच्या जागी एकच शब्द, "लवकरच".

पुष्पाबाई पडद्याला नाक लावून बघत राहिली. "हाई कोन शे?"

"शेवंताबाई."

"हाई शेवंताबाई? मंग मी इंद्रानी अप्सरा शे!"

दीपक म्हणाला, "थांबा, एक तक्रार टाकतो."

"एक?" हेमराज खुर्ची ओढून बसला. "आक्खी गल्ली टाकी."

पानाच्या तळाशी अभिप्रायाची जागा होती. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गल्लीतलं कोणी ना कोणी तिथं जातं. बोलणारा तोंडाला येईल ते बोलतो, दीपक त्यातलं छापण्याजोगं टाइप करतो. दिवाळीनंतर सदर बदलून मराठी झालं. मग घागरेवालीही गेली. गाणं अजून वाजत नाही. आम्हीही अजून गप बसलेलो नाही.