चंदनबटव्याची चोरी

मार्च सरत आला की दिल्लीच्या कडेला छावल्याच्या शिवारात पश्चिमेचा वारा सुटतो. कोरडा, तोंडावर मूठभर भुसा मारल्यासारखा. गहू पिवळा पडायला लागतो आणि पालेभाजी करणाऱ्याची घाई उडते, कारण दहा वाजले की पानं माना टाकतात. प्रभावती त्या रविवारी अंधारातच वाफ्यात बसली होती. शेपू उपटायचा, मुळं पाटाच्या पाण्यात खळबळायची, गवताच्या काडीने जुडी बांधायची. नवरा, खंडेराव, फौजेतून सुटलेला हवालदार, बांधावर स्कूटरला पोती अडकवत होता. आठच्या आत आर. के. पुरमला पोचायचं होतं.

खटाव तालुक्यातून लग्न होऊन ती कॅन्टोन्मेंटात आली, त्याला एकवीस वर्षं झाली. खंडेरावाची नोकरी संपली तेव्हा बरोबरीचे गावी गेले. ही म्हणाली, "गावी काय, सगळेच पिकवतात. हितं आपल्या माणसाला करडई कोण देणार?" तेव्हापासून हे पाऊण एकर खंडानं. शेपू, चुका, करडई, लाल माठ. आजूबाजूचे हरियाणवी हसायचे, "मराठण घास बेचै सै!" आणि तिकडे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरातल्या मराठी बाया जिन्यातूनच ओरडायच्या, "प्रभावतीताई, बटवा आणलाय ना?"

बटवा म्हणजे चंदनबटवा. चाकवताचा थोरला भाऊ म्हणा. पान रुंद, देठाला जांभळी झाक, आणि ताकातल्या पातळ भाजीत असा काही मिळून येतो की भाताचा अंदाज चुकतो. चाकवत दिल्लीत बथुआ म्हणून ढिगानं मिळतो, गव्हात तणासारखा उगवतो. बटवा मात्र नाही. आत्यानं लुगड्याच्या चिंधीत बांधून दिलेलं बी प्रभावतीनं दरसाल नवं करत जपलं होतं. आत्या गेली, गावाकडे सगळीकडे आल्या-उसाची लागवड झाली, बटवा उरला नाही. गेल्या साली नीलगायींनी बियाचा वाफा फस्त केला, तेव्हा डब्याच्या तळाशी उरलेलं होतं-नव्हतं ते तिनं यंदा पेरलं. दहा झाडं बियाला राखली होती, विहिरीकडच्या कोपऱ्यात. पुरुषभर वाढलेली, बियांच्या पापुद्र्यांनी लगडलेली. आठवडाभरात काढायची होती.

उजाडलं. कंबर सरळ करायला ती उभी राहिली, सहज कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा साफ. झाडलोट केल्यासारखा.

"माझा बटवा!" ती ओरडली. मग शेजारच्या शेतात चाहूल लागली म्हणून हिंदीत ओरडली, "मेरा बटवा कौन ले गया?"

शेजारीण भरपाई धावतच आली. सहा फुटी बाई, डोक्यावर ओढणी, हातात विळा. आदले दोन दिवस प्रभावती तिच्या गिऱ्हाईक लतिकाताईंच्या लेकीच्या, अवनीच्या साखरपुड्याला पुरणपोळ्या लाटायला आर. के. पुरमला होती, तेव्हा पाण्याची पाळी हिच्याच हवाली होती.

"के होया परभा? बटुआ गया? कितणे पीसे थे?"

"पैसे नहीं गं बाई, बटवा! मेरी आत्या का!"

"हाय राम, आत्मा का!" भरपाईनं छातीवर हात मारला आणि मेलेल्या माणसाचं पाकीट चोरणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायला सुरुवात केली. त्याचे हात गळून पडोत, त्याची म्हैस आटो. खंडेराव तोवर स्वतःचे खिसे चाचपून मोकळा झाला होता.

"अगं, तुझं पाकीट गेलं असं वाटतंय तिला," तो म्हणाला. "दिल्लीत बटुआ म्हणजे पाकीट. एकवीस वर्षं झाली, अजून..."

"तुम्ही गप्प बसा." प्रभावती भरपाईला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेली, मातीतल्या खळग्यांकडे बोट दाखवलं. "ये. ये था. पेड़."

भरपाईची शिवी अर्ध्यात राहिली.

"यो तो बथुआ था," ती हळूच म्हणाली. "बूढ़ा हो ग्या था. बीज झड़ता तो सारे खेत मैं फैल जाता. मन्नै सोची, परभा की कमर दुखै सै. मन्नै पाड़ दिया. कल साँझ भैंस कै आगै गेर दिया."

आपणच आपल्या म्हशीला शाप दिला हेही भरपाईला तेव्हाच उमगलं असावं, कारण ती ओढणी सावरत बांधापलीकडच्या घराकडे पळत सुटली, तिच्यामागे हे दोघे.

गव्हाणीत म्हशीनं पाला खाल्ला होता, वाळकी धाटं चघळून टाकली होती. भरपाईनं म्हशीला खांद्यानं रेटलं, कोपरापर्यंत हात घातला आणि ओला कोंडा उपसून ओढणीवर पसरला. दोघी उकिडव्या बसल्या. पापुद्रे वेचले, चोळले, सुपात पाखडले. निघालं ते बी दोन चिमट्यांत मावेल एवढं. प्रभावतीनं एक दाताखाली धरलं.

"भरलंय?" खंडेरावानं विचारलं.

"थोडं भरलंय. थोडं पोल." तिनं डोळे पुसले. "नुकसान केलं हिनं, आणि नाव बघा, भरपाई!"

खंडेराव खो खो हसला. भरपाईला काही कळलं नाही, तरी तीही भीतभीत हसली.

पालेभाजी प्रभावतीनं कुणालाही फुकट दिली असेल. बी मात्र आजवर कुणाला दिलं नव्हतं. लतिकाताईंनी कुंडीसाठी मागितलं तेव्हाही विषय बदलला होता. ती सुपाकडे बघत राहिली. मग बोटानं बियाची मधोमध रेघ पाडली, भरपाईच्या ओढणीचं टोक ओढलं आणि अर्धं त्यात बांधलं.

"कार्तिक में बोना. तुम्हारे खेत में. अब उखाड़ना है तो अपना उखाड़."

"मेरे तैं?" भरपाईनं गाठीवर मूठ आवळली. "परभा, मैं तो इसनै भैंस की हवा भी ना लागण द्यूँ."

"साडेसात!" खंडेराव ओरडला.

"वाजू देत." प्रभावतीनं आपलं अर्धं कागदाच्या पुडीत घेऊन कनवटीला लावलं. चौदा जुड्या अजून बांधायच्या होत्या. ती पाटाकडे वळली आणि शेपूची मुळं पाण्यात खळबळायला लागली.