राज्याभिषेकाची सनई

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला त्या बोलपटाचं संगीत फार आवडायचं, मग कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. आमच्या कंपनीचा ऐतिहासिक बोलपट खर्ड्याच्या किल्ल्यात चित्रित होत होता. मी संगीत दिग्दर्शकांचा मदतनीस, नोटेशन लिहिणारा. राज्याभिषेकाच्या प्रसंगाला त्यांना अस्सल गावरान चाल हवी होती — ती वीस वाद्यांवर बसवायची.

गावात ग्यानबा सनईवाले होते. लग्नातल्या चाली त्यांनी हौसेने ऐकवल्या. एक तेवढी राखून ठेवली. “ती तिरडीपुढची हाय, सायेब. मढं असल्याबगर वाजवायची न्हाई.”

झालं — मला तीच हवी झाली. मी मुक्काम वाढवला. कशासाठी? कुणीतरी मरावं म्हणून. दुसरं काय?

पाचव्या दिवशी पाटलांचा तरणा मुलगा तापाने गेला. लोक रडत होते, ग्यानबा पुढे वाजवत होते, आणि मी मागे चालत टोपीआड कागद धरून स्वर टिपत होतो.

व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट — काय वाजली ती चाल! संगीत दिग्दर्शकांनी पाठ थोपटली. मी खूश होतो. लाज? तेव्हा नाही वाटली.

पुढे कंपनीने खर्ड्यातच तंबू ठोकून खेळ दाखवला. पडद्यावर राजा सिंहासनाकडे निघाला, चाल सुरू झाली, आणि पाटलीणबाई हंबरडा फोडून उठल्या. खेळ थांबला. पाटील माझ्यापुढे आले. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी.

“आमच्या पोराची चाल तुमाला कुनी दिली?”

मागे काठ्या होत्या. मी भ्यालो.

“ग्यानबांनी,” मी म्हणालो.

“म्या न्हाई दिली, पाटील,” ग्यानबा म्हणाले. दोनदा म्हणाले. पण गावात ती चाल येणारे ते एकटेच — कोण ऐकणार? यापुढे त्यांना कुणी सुपारी द्यायची नाही, असं तिथल्या तिथे ठरलं.

सकाळी आमची मोटार जामखेडकडे निघाली. वाटेत ते दिसले. बायकोच्या डोक्यावर गाठोडं, त्यांच्या काखेत सनई. मोटारीत मागची जागा रिकामी होती. ड्रायव्हरने विचारलं, घ्यायचं का त्यांना?

मी म्हणालो, उशीर होतोय.

उशीर काही होत नव्हता.