माहेरची शिदोरी

शेतावर न्यायची भाकरी ती शिदोरी, गाडीत सोडून खायचं तेही शिदोरीच. आमच्या गल्लीतले मास्तर सांगत, की ‘सिद्ध’ म्हणजे शिजून तयार झालेलं, त्यावरून हा शब्द आला असावा. असेल बापा. आम्हा वऱ्हाडातल्या बायकांना त्याचा तिसराच अर्थ आधी आठवतो. लेक माहेराहून सासरी निघाली, की आई टोपलं भरून करंज्या, सांजोऱ्या, पुऱ्या बांधून देते, ती शिदोरी. सासू ती घरोघर वाटते आणि सुनेचं माहेर कसं आहे ते गल्लीला कळतं.

माझं माहेर मोर्शीजवळ, मळेवाल्यांचं. सासर अकोल्यात. आई होती तोवर ती टोपलं बांधताना मी ओट्यावर पाय पसरून बसत असे.

आई गेली आणि घरात वडील एकटे उरले. त्यांना धड पिठलं येत नव्हतं. पण शिदोरीशिवाय परतले तर ‘हिचं माहेर संपलं’ म्हणतील आणि पुढच्या खेपेला कोणी धाडायचं नाही, ही मला धास्ती. माझी वाट पाहणारा तेवढा एक माणूस होता. म्हणून माहेरपणाचे शेवटचे दिवस मी चुलीपुढे काढू लागले. सासरी रांधून थकलेली बाई विसाव्याला यायची आणि पुन्हा कढईपुढेच बसायची. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, लढाईमुळे साखर मिळत नव्हती, गुळावर भागवायचं. वडील दारात बसून भाजी निवडत आणि म्हणत, “काहून एवढा जीव काढतं, पोरी? नेऊ नोको काई.”

“मंग येऊ कशी, बाबा?” म्हटलं की पुन्हा भाजी निवडू लागत.

एकदा तर अंगात कणकण असताना तळण केलं. अमरावतीपर्यंत मोटारीचे धक्के, बडनेऱ्याला गाडी बदलायची, आणि मांडीवर ते टोपलं. मला त्या टोपल्याचा, गल्लीचा, रीतीचा, सगळ्यांचा संताप आला होता.

घरी पोचले. सासूबाईंनी फडकं सोडलं, वाटण्याआधी एक करंजी मोडून तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे तूच केली ना?”

मी मान खाली घातली.

“तुह्या मायची करंजी मी खाल्ली हाय. तिचं सारण अलग रायत जाय. हे तं आपल्याच घरची लागते, मी तुले शिकवली तशी.” मग त्या माझ्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अंग तापलं तुहं. आता तिथं चुलीपाशी मरू नोको. शिदोरी इथंच करू, गल्लीले मी सांगतो काय सांगाचं ते. तू बापाजवळ निजून येत जाय.”

मी रडू लागले. सुटले म्हणून रडते, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी पाठीवरून हात फिरवला. वडिलांकडे जायचं आता कधीच अडणार नव्हतं, हे खरं. पण मी करंजीचा एक तुकडा तोंडात घातला होता. इतके दिवस आईच्या चुलीवर, आईच्या कढईत मी सासूबाईंच्याच करंज्या तळत होते. आईचं सारण कसं असायचं, ते मला आठवेना.