मेंडोलिन आणि पिठाचा डबा

निरोप आला तेव्हा मी कणीक मळत होते. शेजारच्यांकडे फोन आला होता, जाम गावच्या चौकातल्या पानठेलेवाल्याचा. तशीच जाऊन फोन घेतला. "वहिनी, भाऊ दुकानात बसल्या बसल्याच..." पुढचं मी ऐकलं नाही. हाताची कणीक वाळून तडकली तरी धुवायचं सुचलं नाही.

जामला यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. एका गाडीवाल्याच्या टेपमध्ये अडकलेली कॅसेट यांनी सोडवून नीट केली, पण तो माणूस परत आलाच नाही. त्या कॅसेटमध्ये जॅझ होतं. हे तेव्हा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवत. ती कॅसेट ऐकली आणि यांचं सरळ वाजवणं संपलं. चाल धरायची, मग ती सोडून मन मानेल तिकडे भटकायचं, अन् लोक गाणं विसरले की हळूच चालीवर परत यायचं. ऑर्केस्ट्राचे मालक वैतागले. "अरे भाऊ, नवरदेव मांडवात पोचला, तू कुठी फिरून राह्यला?" हे म्हणाले, "येतो ना मी. थांबा तर खरं." ते थांबले नाहीत, दुसरा वादक आणला.

मग हे सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरीच वाजवू लागले. एकानं भटकायचं तर दुसऱ्यानं ठेका धरून बसायला पाहिजे. ते काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. पिठाचा पत्र्याचा डबा मांडीशी घ्यायची. डबा भरलेला असला की आवाज बसतो, पीठ तळाला गेलं की घुमतो. म्हणून पीठ सरत आलं की हे खूश! मी गव्हाची पिशवी उचलली की म्हणत, "आजच काऊन चालली वं चक्कीवर? उद्या जाजो." मग त्या दिवशी नुसता भात.

वडनेरला भाचीच्या मुलाच्या बारशाला यांनी हट्टानं वाजवलं. हे बाहेर सतरंजीवर, मी डबा घेऊन दाराआड. लोक विचारू लागले, आत कोण वाजवून राह्यलं? हे म्हणाले, "हाय एक उस्ताद. लाजते." परतताना बसमध्ये मात्र हळूच बोलले, "एक डाव बाहेर बसजो माझ्या बाजूले. तू दिसत नाई, मंग मले लय दूर जाता येत नाई." मी हो म्हटलं होतं...

हे गेल्यावर नात्यातल्या बायकांनी डबा गच्च भरून ठेवला, मला चक्कीवर जावं लागू नये म्हणून. बोट मारून पाहिलं, तर डबा मुका. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, झाकण काढून पीठ किती खाली गेलं बघते, पुन्हा लावते. सून म्हणते, "आई, टेका ना जरा." टेकले की बोटं मांडीवर चालू होतात.

काल मुलानं पिशवी उचलली. "आई, पीठ संपलं. दळून आणतो."

"आज नको," मी म्हटलं. "उद्या जाजो."

खुंटीवरचं मेंडोलिन काढलं, डबा घेतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मेंडोलिन बाजूला ठेवलं. समोरच्या बाया बघू लागल्या. कान तापले, पण उठले नाही. ठेका धरला. डबा चांगला घुमत होता. मनात म्हटलं, जा आता, किती दूर जायचं ते... मी बाहेरच बसले आहे.