भोपळ्याला दाखवलेलं बोट

अकोल्यात, जठारपेठेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, त्या वर्षी आईनं गच्चीवर लाल भोपळ्याचा वेल चढवला. तिचं माहेर अमरावतीकडचं, भाजी पिकवणाऱ्यांचं. वेलाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. एका सकाळी माझ्या बायकोला पानांआड सुपारीएवढी दोन फळं दिसली. दोनदा दिवस जाऊन दोनदा पोट पडलेलं, वर्षभर ती धड हसली नव्हती. त्या दिवशी हसली आणि बोट दाखवून म्हणाली, "आई, पाहा ना, दोन भोपळे लागले!"

"सरळ बोट काहून दाखोतं वो?" आई खेकसली. "कवळं फळ सडते त्यानं. वाकडं कर बोट!"

चार दिवसांत दोन्ही फळं पिवळी पडून गळाली. आईनं ती उचलून बायकोच्या ओंजळीत ठेवली. "घे. तुयापाशी काहीच टिकत नाही."

बायको गच्चीवर जायची बंद झाली.

मी शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. आमच्या गच्चीवर मधमाशी फिरकत नव्हती, नरफुलाचा पराग मादीफुलाला मिळत नव्हता, म्हणून फळ गळत होतं. आईला हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी बोललो नाही. मी भित्रा माणूस आहे, आणि भित्र्याला युक्त्या फार सुचतात.

रोज सकाळी आई पूजेला बसली की मी वर जायचो. नरफूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मधली दांडी मादीफुलात हलकेच फिरवायची. वाटलं, भोपळे धरले की सुंठीवाचून खोकला जाईल.

सहा भोपळे धरले, मोठे होऊन पिकले. आईनं शेजारणींना वर नेलं. "सुनेचं वर येनं बंद झालं, अन् पाहा कसा धरला वेल!"

बायको वाळलेले कपडे घ्यायला जिन्यापर्यंत आली होती. ती तिथूनच परत फिरली. आईचं म्हणणं मीच, माझ्या हातानं, खरं करून दिलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तिला सगळं कबूल केलं. ती त्यातल्याच एका भोपळ्याच्या फोडी करत होती.

"आईले सांगतलं तुमी?"

"नाही."

"सांगसान का?"

मी ओट्यावर सांडलेल्या बिया गोळा करायला लागलो. ती पुन्हा चिरायला लागली.

आई जाऊन दोन वर्षं झाली. आम्हाला मूल झालं नाही. परवा किराणा दुकानात बायको वरच्या फळीवरचा डबा दाखवत होती, बोट वाकडं करून. दुकानदाराला कळेना, कोणता ते. शेवटी मी दाखवला, सरळ बोटानं.