सर्वोच्च म्हणाले तर खुर्ची वळव

सत्काराचा बॅनर आयोजकांनी माझ्याच हातून बांधून घेतला. सातवीत शाळा सोडलेल्या माणसालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘देश के सर्वोच्च सैन्य सम्मान से सम्मानित पिता-पुत्र’. शिडीवर उभ्या उभ्याच माझं डोकं तापलं.

खोटं होतं ते. साहेबांना, म्हणजे मी सांभाळतो त्या म्हाताऱ्या सुभेदारांना, बांगलादेशच्या लढाईत सेना मेडल मिळालं. त्यांच्या मुलाला शौर्य चक्र, काश्मिरात, मेल्यावर. सर्वोच्च म्हणजे परमवीर. ते या घरात नाही, आणि नाही म्हणून कुणाला कमीपणाही नाही. निमंत्रणाच्या कार्डावर तीच ओळ पाहून साहेबांनी आयोजकांना फोन केला होता. इंदुरी ढंगात म्हणाले, “भिया, एवढं दुरुस्त करा.” तिकडून उत्तर आलं, “हो जाएगा सुभेदारजी, टेन्शन मत लो.”

झालं काहीच नाही.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे गल्लीगल्लीत फौजी. दहावी नाही म्हणून मी भरतीच्या रांगेतसुद्धा उभा राहिलो नाही. इंदूरला नमकीनच्या कढईवर आलो, ते दुकान बंद पडलं. तेव्हा याच आयोजकांनी जुन्या इंदुरातल्या या घरी माझ्यासाठी शब्द टाकला. साहेबांचे पाय गेलेले. त्यांची अंघोळ, दाढी, गोळ्या, चाकाची खुर्ची, सगळं माझ्याकडे. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या सुनेनं, मागची खोली दिली आणि पहिल्या दिवसापासून ताट घरच्यांबरोबर वाढलं. परमुलखात एवढं कोण करतं? म्हणून मी सगळ्यांना जपून असतो. आयोजकांना तर जास्तच.

सव्वीस जानेवारीला सकाळी साहेबांना कोट घातला. त्यांचं पदक डावीकडे, मुलाचं उजवीकडे. स्वतः मिळवलेलं डाव्या बाजूला, गेलेल्याचं उजव्या, ही फौजेची रीत. वहिनींनी कपाटातून नवऱ्याचं पदक काढून दिलं. “तू ने त्यांना. मला त्या टाळ्या ऐकवत नाहीत.”

बॅनरचं मी सांगितलं. साहेबांनी कोटाचं बटण लावलं. मग म्हणाले, “मंचावर सर्वोच्च म्हणाले तर मी हात वर करीन. तू खुर्ची वळव.”

“साहेब, नोकरी त्यांनी लावलीय माझी.”

“पगार कोण देतं?”

“वहिनी.”

“मग?”

“मग काही नाही. भीती वाटते.”

“वाटू दे. मलाही वाटायची. तुझे पाय तरी चालतात यार, माझ्या वाटणीची भीतीही तूच उचल.” असं म्हणून स्वतःच हसले.

मंच स्नेहलतागंजच्या एका मैदानावर. चार पोरांनी खुर्चीसकट साहेबांना वर चढवलं. वर टेकतात न टेकतात तोच एका कार्यकर्त्यानं उजवीकडचं पदक काढून डावीकडे लावलं. “दोनों एक साइड में रखो, फोटो में मस्त आएगा.” साहेबांचा हात तिथवर पोचेपर्यंत लावून झालंही होतं. मी ते काढून परत उजवीकडे लावलं.

“अरे कौन देखता है राइट-लेफ्ट!” आयोजक म्हणाले.

ज्यांच्या छातीवर आहे ते बघतात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

मग माइकवरून आरोळी आली. “देश का सर्वोच्च सम्मान! परमवीर पिता! परमवीर पुत्र!” टाळ्या. बँड. साहेबांनी हात वर केला.

माझे हात खुर्चीच्या मुठींवर घामानं चिकटलेले. पोरगा खरोखर मेला होता. त्या मरणावर खोट्याचा मुलामा कशाला? शौर्य चक्र काय रस्त्यावर पडलेलं मिळतं, की कमी वाटावं? मी ब्रेक काढला.

आयोजक आडवे आले. दात तसेच हसरे ठेवून हळूच म्हणाले, “क्या कर रिया है? तेरे को मैंने लगवाया है!”

“हो जी. विसरलो नाही.” आणि वळवली.

साहेबांना माइक लागला नाही. कवायतीच्या मैदानावरचा तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. “शौर्य चक्र! माझ्या मुलाचं शौर्य चक्र आहे! नीट म्हणता येत नसेल तर गप्प बसा!”

टाळ्या थांबल्या. चढवायला धावलेली चार पोरं उतरवायला आली नाहीत. पाठीकडून एकेक पायरी उतरताना साहेबांचा सगळा भार माझ्या छातीवर आला. शेवटी बँडवाल्यांतल्या एकानं ढोल खाली ठेवला आणि पुढची चाकं धरली. बाकी सगळे मोबाइल धरून उभे.

घरी वहिनींनी दार उघडलं. “लवकर आलात?”

“ते नीट म्हणाले नाहीत,” साहेब एवढंच बोलले. वहिनींनी स्वतःच्या हातानं पदक काढून घेतलं.

फोन वाजला. आयोजकांचा होता. वहिनी बोलत होत्या, “जी... हो, त्यानंच वळवली... नाही जी, शब्द तुमचा होता, पण माणूस आमच्या घरचा आहे.” फोन ठेवून त्या माझ्याकडे न बघता पीठ मळायला गेल्या.

मला बसवेना. मी परत मैदानावर गेलो. मंडप सोडत होते, बॅनर तसाच लटकत होता. शिडी लावली.

“ए, किसने बोला उतारने को?” तोच पदकवाला कार्यकर्ता.

“बांधला मीच होता.”

गाठी मी सकाळी घाबरून जरा जास्तच आवळल्या होत्या. शेवटची दातांनी सोडवावी लागली.